हद्दींचे गणित

जमिनीचे एखादे जुने खरेदीखत उघडून पाहिले, तर त्यात जमिनीचे वर्णन ज्या रीतीने केलेले असते ती रीत विचार करण्याजोगी आहे. जमीन काळी की मुरमाड, तिच्यात काय पिकते, विहिरीला पाणी किती, याचा ऊहापोह त्यात फारसा नसतो. सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार नमूद झाला की लिहिणारा तडक चतुःसीमेकडे वळतो, आणि पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस तमक्याचा बांध, अशा चार हद्दी सांगून मोकळा होतो. या चारांपैकी एकही हद्द एकटी घेतली तर ती जमिनीचे नेमके ठिकाण सांगत नाही; ती एवढेच सांगते की, विकलेली जमीन या रेषेच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. परंतु चारही हद्दी एकाच वेळी लागू केल्या म्हणजे अफाट पृथ्वीतून नेमका एक तुकडा वेगळा निघतो, आणि त्या तुकड्यावर मालकाला वाटेल तेथे उभे राहण्याची मुभा मिळते. दोन चलांतील रेषीय असमानतांचे आणि त्यांच्या आलेखाचे सारे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे.

शाळेतल्या बीजगणिताचा बहुतेक काळ समीकरणांच्या सहवासात जातो. दोन संख्यांची बेरीज अमुक, वजाबाकी तमुक, तर त्या संख्या कोणत्या, या धर्तीच्या प्रश्नांना एकच एक उत्तर असते, आणि ते सापडले की विद्यार्थ्याला समाधान वाटते. परंतु व्यवहार माणसापुढे समीकरणे क्वचितच ठेवतो. अंदाजपत्रकातील तरतूद सांगते की खर्च याहून अधिक होता कामा नये. वैद्य सांगतो की आहारात प्रथिने निदान इतकी हवीत. धरणावरचा अधिकारी सांगतो की या आवर्तनात पाणी फार तर इतके सुटेल. कारखान्याचा फोरमन सांगतो की यंत्र दिवसाकाठी सोळा तासांपलीकडे चालणार नाही. यांपैकी कोणीही आपल्याला उत्तर देत नाही. प्रत्येक जण एक हद्द आखून देतो, आणि त्या सर्व हद्दींच्या आत जे उरते त्यातून निवड करण्याचे काम आपल्यावर सोपवतो. म्हणूनच माझे असे ठाम मत आहे की, संसाराचे, शेतीचे आणि राज्यकारभाराचे खरे गणित असमानतांचे आहे, आणि त्यातही असमानता सोडवण्यापेक्षा परिस्थितीतून ती बिनचूक लिहून काढणे हे अधिक अवघड व अधिक जोखमीचे काम आहे.

लहान-मोठेपणा दाखवणारी < आणि > ही चिन्हे प्रथम छापली गेली ती टॉमस हॅरिअट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात. हॅरिअट १६२१ साली निवर्तला आणि त्याचा ग्रंथ १६३१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १६३७ मध्ये, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने भूमिती आणि बीजगणित यांची सांगड घालणारा आपला प्रबंध प्रकाशित केला, आणि संख्यांच्या जोडीला कागदावर जागा मिळाली. असमानतेचे व्याकरण बरेचसे समीकरणासारखेच आहे: दोन्ही बाजूंत सारखी भर घालावी, सारखीच वजावट करावी, धन संख्येने गुणावे वा भागावे, चिन्ह जागच्या जागी राहते. फक्त ऋण संख्येने गुणताना ते उलटते. ३ ही संख्या ५ पेक्षा लहान खरी, परंतु उणे ३ ही उणे ५ पेक्षा मोठी; कारण ऋण संख्येने गुणले की संख्यारेषेवरचा प्रत्येक बिंदू शून्याच्या विरुद्ध बाजूस जातो, आणि उजवीकडे जो सर्वांत पुढे होता तो डावीकडे सर्वांत दूर जाऊन पडतो.

आता एक असमानता प्रत्यक्ष कागदावर उतरवून पाहू, आणि तीही कल्पित नव्हे, तर महाराष्ट्राच्या कायद्यात असलेली. महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम १९६१ साली झाला, आणि १९७५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यातील मर्यादा खाली आणल्या. त्यानुसार पाच जणांपर्यंतच्या कुटुंबाजवळ खात्रीच्या पाण्याखालची, वर्षाला दोन पिके देणारी बागायत जमीन असेल तर ती १८ एकरांपर्यंत, आणि निव्वळ जिरायत असेल तर ५४ एकरांपर्यंत ठेवता येते. मधल्या प्रतींच्या जमिनींना मधल्या मर्यादा आहेत. ज्याच्याजवळ दोन्ही प्रकारच्या जमिनी असतील त्याच्यासाठी कायद्याने रूपांतराचा नियम घातला आहे, तो असा की, अशा बागायतीचा एक एकर जिरायतीच्या तीन एकरांबरोबर धरावा. बागायत एकरांना ‘ब’ आणि जिरायत एकरांना ‘ज’ म्हटले, तर कायद्याचे कलम एका ओळीत मावते: ३ब + ज ≤ ५४.

आडव्या अक्षावर ब आणि उभ्या अक्षावर ज घेऊन प्रथम ३ब + ज = ५४ ही रेषा काढावी. ब शून्य असता ज ५४ येतो, ज शून्य असता ब १८ येतो. हे दोन बिंदू जोडले की रेषा तयार. ही रेषा अमर्याद वाढवली असता ती सर्व प्रतलाचे दोन भाग करते, आणि प्रत्येक भागाला अर्धप्रतल म्हणतात. असमानतेची उकल यांपैकी एक अख्खे अर्धप्रतल असते, आणि ते कोणते हे ठरवण्यासाठी रेषेवर नसलेला कोणताही एक बिंदू तपासणे पुरेसे होते. आरंभबिंदू, म्हणजे ब शून्य आणि ज शून्य, हा तपासायला सर्वांत सोपा; शून्य हे ५४ पेक्षा कमी, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू आपली. एकाच बिंदूवरून असंख्य बिंदूंचा निकाल कसा लागतो, अशी शंका चौकस विद्यार्थ्याला यावी. तिचे उत्तर असे की, ३ब + ज या राशीची किंमत ५४ पेक्षा कमी असलेल्या ठिकाणाहून ५४ पेक्षा अधिक असलेल्या ठिकाणी जायचे झाल्यास वाटेत कोठेतरी ती बरोबर ५४ झालीच पाहिजे, आणि ती ५४ होते केवळ त्या रेषेवर. सबब रेषा न ओलांडता राशीचा पक्ष बदलू शकत नाही. ‘पर्यंत’ या शब्दात ५४ स्वतः समाविष्ट असल्यामुळे रेषा अखंड काढावी. ‘पेक्षा कमी’ अशी अट असती तर रेषेवरचे बिंदू वगळले जाऊन ती तुटक काढावी लागली असती. जमीन ऋण असू शकत नाही, म्हणून ब ≥ ० आणि ज ≥ ० या आणखी दोन हद्दी, ज्या कोणी बोलून दाखवत नाही पण लिहाव्या लागतात. त्या मिळाल्या की अर्धप्रतलाचा एक त्रिकोण उरतो.

या त्रिकोणाकडे क्षणभर निरखून पाहावे. एखाद्याजवळ १२ एकर बागायत आणि २० एकर जिरायत आहे. तो म्हणेल, १२ हे १८ पेक्षा कमी, २० हे ५४ पेक्षा कमी, मग मी मर्यादेतच आहे. परंतु ३ × १२ + २० म्हणजे ५६ होतात, आणि दोन जिरायत एकर अतिरिक्त ठरतात. दोन मर्यादा सुट्या सुट्या वाचणाऱ्याच्या मनात १८ आणि ५४ बाजूंचा आयत असतो. कायद्याने दिलेला प्रदेश मात्र त्याच आयताला कर्णावर छेदून उरलेला त्रिकोण, म्हणजे बरोबर निम्मा आहे. शब्दांत लपलेला हा भेद आलेख एका दृष्टिक्षेपात उघड करतो, आणि आलेखाचे सारे माहात्म्य त्यात आहे.

एका असमानतेवरून अनेकांकडे जाताना परिस्थिती शब्दांतून चिन्हांत आणण्याचे कसब लागते. रब्बीच्या तोंडाशी उभा असलेला एक शेतकरी कल्पावा. त्याच्याजवळ सहा एकर जमीन आहे, आणि त्याला गहू व हरभरा ही दोन पिके घ्यावयाची आहेत. गव्हाला पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास मुकुटमुळे फुटताना पहिले पाणी मिळाले पाहिजे, आणि पुढे फुटवे, कांडी, फुलोरा, दाणा भरणे अशा टप्प्यांना धरून हंगामात पाण्याच्या सहा पाळ्या धरू. हरभरा मुळात कोरडवाहू वृत्तीचा. त्याला फांद्या फुटताना एक आणि फुलोऱ्याच्या सुमारास एक अशा दोन पाळ्या पुरतात, उलट पाणी अधिक झाले तर पीक उभळते. एक एकर एकदा भिजवणे ही एक पाळी मानली, तर विहिरीचे पाणी हंगामात एकूण २४ पाळ्यांना पुरेल असा त्याचा अंदाज आहे. घरच्या खाण्यापुरता निदान एक एकर गहू तर पेरलाच पाहिजे, ही घरच्या मंडळींची अट. गव्हाचे एकर ‘ग’ आणि हरभऱ्याचे ‘ह’ मानले म्हणजे हे सर्व निवेदन पुढील ओळींत येते: जमिनीची हद्द ग + ह ≤ ६; पाण्याची हद्द ६ग + २ह ≤ २४; घराची हद्द ग ≥ १; आणि अध्याहृत हद्द ह ≥ ०. यांना एकसामयिक असमानता म्हणतात, कारण त्या सर्व एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात.

हे लिहिताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण शब्दांचे. ‘निदान’, ‘किमान’, ‘हून कमी नको’ हे शब्द ≥ कडे नेतात, तर ‘फार तर’, ‘कमाल’, ‘पर्यंत’ हे ≤ कडे. परंतु ‘किमान’ या शब्दाच्या पहिल्या अक्षराशी ‘कमी’ची आठवण चिकटलेली असल्यामुळे विद्यार्थी घाईत चिन्ह उलटे लिहून जातो. प्रमाणाची अट तर हमखास फसवते. ‘हरभरा गव्हाच्या निदान निम्मा असावा’ ही अट २ह ≥ ग अशी लिहावी की ह ≥ २ग अशी, याविषयी शंका आल्यास उपाय एकच: परिस्थितीतला एक स्पष्ट दाखला घ्यावा, उदाहरणार्थ चार एकर गहू आणि तीन एकर हरभरा, जो अट पाळतो हे साध्या बुद्धीला दिसते, आणि तो कोणत्या ओळीत बसतो ते पाहावे. पहिलीत ६ ≥ ४ खरे ठरते, दुसरीत ३ ≥ ८ खोटे. दुसरे ठिकाण परिमाणांचे. एका असमानतेच्या दोन्ही बाजू एकाच मापाच्या असल्या पाहिजेत. डावीकडे पाळ्या आणि उजवीकडे तास, किंवा एकीकडे रुपये आणि दुसरीकडे हजार रुपये, अशी सरमिसळ झाली तर पुढची आकडेमोड कितीही शुद्ध असो, निष्कर्ष खोटाच निघणार.

आता आलेख. जमिनीची रेषा दोन्ही अक्षांना ६ वर छेदते. पाण्याची रेषा गव्हाच्या अक्षाला ४ वर आणि हरभऱ्याच्या अक्षाला १२ वर छेदते, म्हणून ती अधिक उभट आहे. घराची रेषा गव्हाच्या १ वरून सरळ उभी जाते. तिन्हींच्या योग्य बाजू छायांकित केल्या की जेथे सर्व छटा एकमेकींवर येतात तो चौकोन शक्य योजनांचा प्रदेश होय. त्याचे कोपरे चार: (१, ०), (४, ०), (३, ३) आणि (१, ५), यांतला तिसरा कोपरा जमिनीच्या व पाण्याच्या रेषा जेथे छेदतात तेथला, आणि तो काढण्यापुरतीच जुनी समीकरणे मदतीला येतात. या प्रदेशातला कोणताही बिंदू शेतकऱ्याला परवडणारी योजना आहे. दोन एकर गहू आणि दोन एकर हरभरा घेतला तर दोन एकर पडीक राहील आणि आठ पाळ्या उरतील, पण योजना अशक्य नव्हे. चार एकर गहू आणि दोन एकर हरभरा ही योजना जमिनीत बसते, परंतु २८ पाळ्या मागते. विहीर त्या देणार नाही.

शक्य काय हे कळल्यावर इष्ट काय हा प्रश्न येतो. समजा, खर्चवेच जाऊन एकरी गव्हाचे १२ हजार आणि हरभऱ्याचे ९ हजार रुपये उरतात. ४८ हजार रुपये देणाऱ्या सर्व योजना १२ग + ९ह = ४८ या रेषेवर आहेत; रक्कम वाढवली की ही रेषा स्वतःला समांतर राहून वर सरकते, आणि सरकता सरकता प्रदेश सोडण्यापूर्वी ज्या ठिकाणी तिचा शेवटचा स्पर्श होतो ते ठिकाण म्हणजे सर्वोत्तम योजना. सरळ कडांच्या प्रदेशाला सरळ रेषेचा शेवटचा स्पर्श एखाद्या कोपऱ्यापाशी होतो, किंवा रेषा कडेला समांतर असेल तर संपूर्ण कडेशी होतो, ज्यात कोपरे आलेच. म्हणून प्रदेशात बिंदू असंख्य असले तरी तपासायचे चारच: १२ हजार, ४८ हजार, ६३ हजार आणि ५७ हजार. तीन एकर गहू आणि तीन एकर हरभरा ही योजना सरस ठरते.

येथवर आलेला वाचक बहुधा थांबतो, परंतु खरे धन यापुढे आहे. बाजारभाव बदलले तर योजना बदलावी काय? आलेख सांगतो की, गव्हाची एकरी प्राप्ती हरभऱ्याच्या एकपट ते तीनपट या दरम्यान आहे तोवर तीन-तीनचीच योजना उत्तम राहील. कारण तोवर प्राप्तीच्या रेषेचा उतार जमिनीच्या आणि पाण्याच्या रेषांच्या उतारांमध्ये राहतो. हरभरा गव्हापेक्षा वरचढ झाला तर (१, ५) कडे जावे, गहू तिप्पटीच्या पुढे गेला तर (४, ०) कडे. भावातल्या किरकोळ चढउतारांनी बावरून जाण्याचे कारण नाही, हे आश्वासन एका साध्या आकृतीतून मिळते. त्याहून मोलाची गोष्ट हद्दींच्या किमतीची. शेजाऱ्याच्या विहिरीतून दोन पाळ्या विकत मिळाल्या आणि पाणी २६ पाळ्यांचे झाले, तर उत्तम योजना साडेतीन एकर गहू व अडीच एकर हरभरा अशी होऊन प्राप्ती ६४ हजार ५०० होते. म्हणजे एका पाळीचे मोल ७५० रुपये. पाळी याहून स्वस्त मिळाली तर घ्यावी, महाग असेल तर सोडावी. एक एकर खंडाने मिळाला तर प्राप्ती ७० हजार ५०० होते. म्हणजे त्या एकराचे मोल साडेसात हजार. आणि घरच्या गव्हाची अट? तीन एकर गहू आपण आपल्या खुशीने पेरतोच आहोत, तेव्हा एक एकराची ती अट काढून टाकली तरी एका पैशाचाही फरक पडत नाही. ज्या हद्दीला आपली योजना टेकलेली नाही तिची किंमत शून्य असते. ज्या हद्दीला ती टेकलेली आहे तीच सैल करण्यासाठी पैसा आणि परिश्रम खर्ची घालावेत. कोणती अडचण खरी आणि कोणती केवळ बोलण्यातली, याचा इतका निःपक्षपाती निवाडा दुसऱ्या कोणत्याही साधनाने क्वचितच मिळत असेल.

असेही घडते की हद्दी आखून झाल्यावर आत काहीच उरत नाही. समजा, कोणी अट घातली की गहू निदान पाच एकर पाहिजे. पाच एकर गव्हाला ३० पाळ्या लागतात आणि विहिरीत आहेत २४; सबब एकही बिंदू सर्व असमानता पाळू शकत नाही. अशा वेळी चूक आकडेमोडीत नसते, तर मागण्यांच्या परस्परविरोधात असते, आणि ती दूर करण्यासाठी कोणाला तरी आपली हद्द मागे घ्यावी लागते. कित्येक योजना दप्तरात मंजूर होऊन प्रत्यक्षात फसतात; त्यांच्या अटी आरंभीच अशा ओळींत मांडल्या असत्या, तर त्यांतील काहींचा प्रदेश रिकामा असल्याचे सही होण्यापूर्वीच दिसले असते.

दोन अज्ञातांची ही आकृती कागदावर मावते. व्यवहारात अज्ञात शेकड्यांनी येतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच गणितज्ञ फूरिए याने असमानतांच्या संचांचा विचार केला होता, परंतु त्यांना व्यवहाराचे वळण मिळाले ते विसाव्या शतकात. लेनिनग्राडचा तरुण गणितज्ञ कांतोरोविच याच्याकडे प्लायवुड तयार करणाऱ्या उद्योगाने आपल्या यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी हा प्रश्न आणला, आणि त्यातून १९३९ साली उत्पादनाच्या नियोजनाविषयीची त्याची पुस्तिका निघाली. या विचाराबद्दल १९७५ साली त्याला कूपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत हवाई दलाच्या नियोजनाच्या कामात असलेल्या जॉर्ज डँट्झिग याने १९४७ साली सिम्प्लेक्स ही पद्धत शोधली. प्रदेशाच्या एका कोपऱ्यावरून निघावे, कडेकडेने अधिक चांगल्या शेजारच्या कोपऱ्यावर जावे, आणि पुढे चांगला शेजारी उरला नाही की थांबावे, हे तिचे सार. आपण चार कोपरे तपासले त्याचेच ते शिस्तबद्ध रूप.

या पद्धतीची मोठी कसोटी आहाराच्या प्रश्नावर झाली. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर याने १९४५ साली असा प्रश्न मांडला होता की, ७७ खाद्यपदार्थांतून निवड करून उष्मांक, प्रथिने, कॅल्शियम, लोह आणि पाच जीवनसत्त्वे अशा नऊ गोष्टींची गरज भागेल असा सर्वांत स्वस्त आहार कोणता. त्याने तर्काने काढलेला आहार १९३९ च्या भावांनी वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंटांचा होता, आणि त्यात मुख्यतः गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या शेंगांचे दाणे एवढेच होते. १९४७ साली सिम्प्लेक्स पद्धतीने हाच प्रश्न सोडवण्यास नऊ कारकून हातयंत्रे घेऊन बसले. त्यांच्या कामाचे एकंदर १२० मनुष्यदिवस झाले, आणि उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा तर्क अवघ्या २४ सेंटांनी चुकला होता. परंतु हा आहार कोणी वर्षभर आनंदाने खाईल काय? रुची, सवय, सणवार, पाहुणा, यांची एकही असमानता त्या नऊ ओळींत नव्हती. गणिताने नियम मोडला नाही, माणसाने नियम लिहिलाच नव्हता.

डँट्झिगला हा धडा स्वतःवरच मिळाला. पुढे वजन उतरवण्यासाठी त्याने आपल्या आहाराचा प्रश्न संगणकाला घातला, आणि पोट भरल्याची भावना अधिकांत अधिक व्हावी म्हणून पदार्थाच्या वजनातून पाण्याचा अंश वजा करून उरेल तितके गुण त्या पदार्थाला दिले. उत्तरात रोज ५०० गॅलन शिर्का पिण्याची शिफारस निघाली. कारण तक्त्यात शिर्क्यातील पाण्याचा अंश शून्य दाखवलेला होता. शिर्का वगळल्यावर दुसऱ्या खेपेस दिवसाला सूपच्या २०० खारट वड्या निघाल्या. मिठाला वरची मर्यादा घालण्याचे कोणालाच सुचले नव्हते, कारण शहाणा माणूस ती न सांगताच पाळतो. न सांगता पाळल्या जाणाऱ्या अशा हद्दी यंत्राला ठाऊक नसतात. त्या माणसानेच लिहाव्या लागतात.

आपल्या शेतकऱ्याच्या मांडणीतही अशी उणीव आहे. विहिरीत २४ पाळ्या आहेत असे आपण म्हटले, परंतु कार्तिकात तुडुंब असलेली विहीर माघात तशीच राहत नाही. म्हणून पाण्याची एकच असमानता न लिहिता प्रत्येक महिन्याची वेगळी लिहिली पाहिजे. शिवाय एकराचा अर्धा भाग करता येतो, परंतु बैलजोडीचा किंवा बसगाडीचा करता येत नाही. जेथे उत्तर पूर्णांकच हवे तेथे सर्व छायांकित प्रदेश आपला नसून त्यातले केवळ पूर्णांकी बिंदू आपले असतात, आणि अपूर्णांकी उत्तर जवळच्या पूर्णांकाकडे वळवले की ते कित्येकदा हद्दीबाहेर जाते.

आकडेमोडीचा भार मात्र उत्तरोत्तर हलका होत गेला, आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा फार मोठा आहे. अज्ञातांची संख्या वाढली की कोपऱ्यांची संख्या अफाट वाढते, आणि सिम्प्लेक्स पद्धत काही कृत्रिम उदाहरणांत जवळजवळ सर्वच कोपरे पायी तुडवत बसते, हे १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी दाखवून दिले. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ खाचियान याने असा प्रश्न वाजवी वेळात सुटतो हे सैद्धांतिकदृष्ट्या सिद्ध केले, पण त्याची रीत व्यवहारात मंद ठरली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आय. आय. टी. मधून १९७८ साली पदवीधर झालेले नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना १९८४ साली जी रीत प्रसिद्ध केली, ती कडेने न जाता प्रदेशाच्या अंतर्भागातून उत्तराकडे जाते. सिद्धांतात वेगवान आणि व्यवहारातही उपयोगी अशी ही रीत निघाल्यावर प्रदेशाच्या आतून जाणाऱ्या पद्धतींचे एक नवे दालनच उघडले.

या सर्व प्रगतीमुळे सोडवण्याचे काम जवळपास निकालात निघाले आहे. लिहिण्याचे काम मात्र जेथे होते तेथेच आहे, आणि आपल्या शिक्षणात त्याकडे फार दुर्लक्ष होते. पाठ्यपुस्तकातील प्रश्नात अटी तयार वाक्यांत येतात, विद्यार्थी त्या चिन्हांत बदलतो आणि आलेख काढतो. अट हुडकण्याचा भाग त्याच्या वाट्याला येतच नाही. त्याऐवजी प्रत्येक वर्गात निदान एकदा तरी असा प्रयोग व्हावा, असे मला मनापासून वाटते: मुलांनी आपल्या गावातील एखादा खरा प्रश्न घ्यावा, मग तो शाळेच्या माध्यान्ह भोजनाचा असो, पाण्याच्या टँकरच्या खेपांचा असो, वा ग्रामपंचायतीच्या खर्चाच्या तरतुदींचा असो; संबंधितांना विचारून त्याच्या हद्दी एका कागदावर उतरवाव्यात; आणि मग दुसऱ्या गटाने त्या सर्व असमानता तंतोतंत पाळणारा, तरीही कोणताही समंजस माणूस नाकारील असा एक बिंदू शोधून दाखवावा. तसा बिंदू सापडला, तर पहिल्या गटाकडून लिहायची राहिलेली हद्द कोणती हे दोन्ही गटांनी मिळून ठरवावे व ती ओळ कागदावर वाढवावी. तसा बिंदू सापडेनासा होईपर्यंत ही घासाघीस चालू राहिली, तर त्या मुलांना बीजगणित तर येईलच, शिवाय पुढे एखाद्या समितीवर बसून शेकडो कुटुंबांच्या वाट्याच्या मर्यादा ठरवण्याची वेळ त्यांच्यावर आली, तर कागदावर न आलेल्या माणसांचीही विचारपूस करण्याची सवय त्यांच्या अंगी बाणलेली असेल.